‘रन’चे चाळीस अर्थ पाठ केले, तरी मेल कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही विट्याचे, तासगावजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या ऑफिसात काम करता आणि परदेशी खरेदीदारांचे मेल इंग्रजीत येतात. इंग्रजी पक्कं करायचं म्हणून रोजच्या वापरातला एकेक शब्द मुळापासून शिकायचं ठरवलंत आणि पहिला घेतलात ‘रन’. शब्दकोशातून चाळीसेक अर्थ वहीत उतरवले, पाठ केले, आठवड्यात निम्मे विसरले. मग मेलमध्ये ‘द कंटेनर इज रनिंग लेट’, ‘वी आर रनिंग लो ऑन कार्टन्स’, ‘कुड यू रन मी थ्रू द पॅकिंग लिस्ट’ अशी वाक्यं आली आणि वहीतला एकही अर्थ त्यांना लागू पडेना. इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय.

स्मरणशक्तीला दोष देऊ नका. वहीची मांडणीच अशी आहे की त्यातून काही हाती लागणार नाही. डावीकडे ‘रन’, उजवीकडे ‘धावणे, चालवणे, वाहणे, संपणे…’ अशी रांग लावली की शब्दाचा अर्थ ज्यावरून ठरतो तेच नेमकं गळून जातं. ‘रन’चा अर्थ तीन ठिकाणी पाहून कळतो: कर्ता कोण आहे, क्रियापदाला कर्म आहे की नाही, आणि ‘रन’च्या लगेच पुढे कोणता छोटा शब्द बसलाय. ‘शी रन्स’ म्हणजे ती पळते. ‘शी रन्स अ मेस’ म्हणजे ती मेस चालवते. ‘शी रॅन आउट ऑफ गॅस’ म्हणजे तिच्याकडचा गॅस संपला. तिन्ही वाक्यांत कर्ता तोच आणि क्रियापदही तेच, फक्त पुढचे शब्द बदलले. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. इंग्लंडमधला माणूसही ते पाठ करत नाही. तो मागचा-पुढचा शब्द पाहतो आणि पुढे जातो. तुम्हालाही तेच शिकायचंय.

किती शिकायचं हे मात्र गरजेवर अवलंबून आहे. आलेले मेल फक्त समजायचे असतील तर वापर ओळखता आला तरी पुरे, आणि ओळखायला फार कष्ट लागत नाहीत. स्वतः लिहायचं-बोलायचं असेल तर दहा-बारा वापर अगदी हुकमी हवेत, बाकीचे नाही आले तरी काम अडत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी असेल तर वेळ वेगळीकडे घालवावा लागतो, कारण तिथे ‘रन डाउन’, ‘रन अक्रॉस’ अशा जोड्या चार पर्यायांत समोर ठेवतात आणि रोजच्या साध्या वापराला गुण नसतात. पुढचं सगळं तुमची गरज मेल वाचण्याची आणि लिहिण्याची आहे असं धरून सांगतोय.

आधी जमेची बाजू बघा. ‘रन’ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त येतो. सांगलीत ग्रील करणारा फॅब्रिकेटर ‘रनिंग फुटाला इतके’ असा दर सांगतो, म्हणजे फक्त सलग लांबी मोजायची, रुंदी नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ‘रनिंग कंडिशन’ असतं. नवीन मशीन बसवलं की ‘ट्रायल रन’ घेतात. क्रिकेटमधल्या रनबद्दल तर बोलायलाच नको. सलग जाणं, चालू असणं, चालवून पाहणं हे ‘रन’चे तीन महत्त्वाचे वापर तुमच्या मराठीतच बसलेले आहेत. एका ठिकाणी मात्र सांभाळा. ‘गाडीचं रनिंग किती झालंय?’ हे आपलं बोलणं आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘हाऊ मेनी किलोमीटर्स हॅज इट डन?’ म्हणतात. ‘गाडी लिटरला किती पळते?’ हेसुद्धा ‘रन’ने सांगत नाहीत, ‘व्हॉट मायलेज डज इट गिव्ह?’ असं विचारलं तर आपल्याकडे सगळ्यांना कळतं.

‘रन’चे वापर मी काही घरांत वाटून सांगतो. पहिलं घर ‘चालणे’चं. मराठी माणसाची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. आपल्या एका ‘चालणे-चालवणे’ला इंग्रजीत चार-पाच वेगळे शब्द लागतात आणि ‘रन’ त्यातला फक्त एक आहे. ‘मी दुकान चालवतो’ याला ‘आय रन अ शॉप’. ‘मी कार चालवतो’ याला ‘आय ड्राइव्ह अ कार’. ‘मी सायकल चालवतो’ याला ‘आय राइड अ बायसिकल’. ‘रन अ कार’ असंही इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ गाडी बाळगणं, तिचं पेट्रोल, विमा, दुरुस्ती असा खर्च पेलणं: ‘इट इज एक्सपेन्सिव्ह टु रन अ कार’. म्हणजे कारभार, धंदा, संस्था, वर्ग, कार्यक्रम यांना ‘रन’ आणि हातात स्टिअरिंग असेल तर ‘ड्राइव्ह’. एसटीचा चालक बस ‘ड्राइव्ह’ करतो, महामंडळ बस ‘रन’ करतं. हे वाक्य कार्डावर लिहून ठेवलंत तर हा गोंधळ पुन्हा होणार नाही.

संस्थेबद्दल लिहिताना उलटी रचना फार येते आणि वाचणारा तिथे अडखळतो: ‘द कॉलेज इज रन बाय अ ट्रस्ट’. इथे ‘इज रन’ पाहून टायपिंगची चूक वाटते, ‘इज रनिंग’ हवं होतं असं वाटतं. चूक काहीच नाही. हा कर्मणी प्रयोग आहे: कॉलेज ट्रस्टकडून चालवलं जातं. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या कुठल्याही शाळेबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर ‘इज रन बाय रयत शिक्षण संस्था’ असंच लिहावं लागेल.

मशीनबाबत एक फरक तुमच्या कामात रोज लागेल. ‘मशीन चालत नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात आणि आपण संदर्भाने समजून घेतो. इंग्रजीत ते वेगळे सांगावे लागतात. ‘द मशीन इज नॉट वर्किंग’ म्हणजे बिघडलंय. ‘द मशीन इज नॉट रनिंग’ म्हणजे आत्ता बंद आहे; बिघडलं असेल किंवा कुणी बटणच दाबलं नसेल. माल थंड करणाऱ्या प्रीकूलिंगचा कॉम्प्रेसर जळला असताना ‘नॉट रनिंग’ एवढंच कळवलंत तर समोरचा ‘मग चालू करा’ म्हणेल. रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, तापमान कळवायचं असेल तर ‘द रीफर इज रनिंग ॲट झीरो डिग्रीज’. कशावर चालतं ते सांगायला ‘ऑन’: ‘द पंप रन्स ऑन डिझेल’. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी जुळतं, आपणही ‘डिझेलवर’च म्हणतो. मोबाइलचं ॲपसुद्धा याच घरातलं: ‘द ॲप रन्स ऑन अँड्रॉइड’.

आणि ‘चालेल’? खरेदीदाराने ‘शाल वी शिफ्ट द लोडिंग टु फ्रायडे?’ असं विचारलं आणि तुम्हाला चालणार असेल तर ‘इट विल रन’ असं चुकूनही लिहू नका. ‘फ्रायडे इज फाइन’ किंवा ‘दॅट वर्क्स फॉर अस’. मराठीतलं ‘चालेल’ हे ‘रन’च्या कुठल्याच घरात बसत नाही.

काळाबद्दलही इथेच सांगतो, कारण हा घोळ आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या अर्जांत दिसतो. ‘आय ॲम रनिंग अ शॉप’ असं आपण सर्रास लिहितो. इंग्रजी कानाला त्यातून ‘सध्यापुरता चालवतोय’ असा सूर येतो. कायमचा धंदा असेल तर ‘आय रन’. तसंच वेळापत्रकाचं: ‘बसेस रन बिट्वीन सांगली अँड मिरज ऑल डे’, ‘द शुगर फॅक्टरी रन्स इन विंटर’. ठरलेलं, नेहमीचं असेल तर साधा वर्तमानकाळ. आजच्यापुरतं, वेगळं काही असेल तर ‘रनिंग’. म्हणूनच ‘द कंटेनर इज रनिंग लेट’: कंटेनर धावत-बिवत नाही, आज ठरलेल्या वेळेच्या मागे आहे एवढंच. किती मागे ते मध्ये घाला: ‘रनिंग टू अवर्स लेट’. आपल्याकडच्या स्टेशनवरच्या घोषणेत ‘लेट बाय टू अवर्स’ ऐकू येतं; तेही कळतं, पण मेलमध्ये पहिली रचना जास्त सहज वाटते. माणसालाही हेच लागू होतं. मीटिंगला उशीर होतोय तर ‘सॉरी, आय ॲम रनिंग लेट’. तुम्ही खुर्चीत बसलेले असलात तरी.

दुसरं मोठं घर वाहण्याचं. हे ‘रन’च्या मुळाशीच आहे, जुन्या इंग्रजीतल्या मूळ क्रियापदात पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. नदी ‘रन्स’, नळ ‘रन्स’, नाकही ‘रन्स’. ‘माय नोज इज रनिंग’ बरोबर. ‘रनिंग नोज’ हे आपल्याकडचं रूढ झालेलं बोलणं, बाहेर त्याला ‘रनी नोज’ म्हणतात. कपड्याचा रंग जातो तेव्हा ‘द कलर रॅन’. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे कधी वाहतं पाणी, कधी घरात नळाला येणारं पाणी. खेड्यातल्या घराच्या वर्णनात आलं तर बहुधा दुसरं. (‘द रन्स’ म्हणजे जुलाब. बोलण्यातला शब्द आहे, रजेच्या अर्जात नको.)

या वाहण्यातूनच एक वापर निघतो जो सुरुवातीला विचित्र वाटतो: जागचं न हलणाऱ्या वस्तूला ‘रन’. ‘द हायवे रन्स पास्ट सातारा अँड कराड.’ ‘द सह्याद्री रन्स नॉर्थ टु साउथ.’ आपणही ‘रस्ता कराडवरून जातो’ म्हणतोच की. लांबच लांब गेलेली कुठलीही गोष्ट, म्हणजे रस्ता, भिंत, पाइपलाइन, तार किंवा ओरखडा, ‘रन्स’. इथे ‘इज रनिंग’ कधीही नाही. रस्ता कायम तिथेच असतो. हीच गोष्ट माणसाने केली तर कर्म येतं: ‘रन द ड्रिप लाइन अलाँग द रो’, म्हणजे ठिबकची नळी ओळीतून टाका, ‘रन अ वायर फ्रॉम द बोर्ड टु द मोटर’, म्हणजे बोर्डापासून मोटरपर्यंत वायर ओढा. मशीनच्या माहितीपत्रकात हे वाक्य आलं की लोक ‘वायर चालवा’ असं भाषांतर करतात आणि पुढचं काहीच लागत नाही. ‘फ्रॉम… टु’, ‘अलाँग’, ‘अलाँगसाइड’, ‘अंडर’ असे मार्ग दाखवणारे शब्द दिसले की हे घर ओळखायचं.

तिसरं घर संपण्याचं. तुमच्या मेलसाठी हे सगळ्यात उपयोगाचं, म्हणून जरा थांबून पाहा.

‘वी हॅव रन आउट ऑफ कार्टन्स.’
‘द कार्टन्स हॅव रन आउट.’

दोन्हीचा अर्थ एकच, खोकी संपली. पहिल्यात ज्याच्याकडची संपली तो कर्ता आणि मध्ये ‘ऑफ’ हवाच. दुसऱ्यात वस्तूच कर्ता, तिथे ‘ऑफ’ नको. मराठीत आपण ‘आमच्याकडची खोकी संपली’ म्हणतो, वस्तू कर्ता असते. म्हणून इंग्रजीत लिहिताना दोन्ही रचनांची खिचडी होते: ‘अवर कार्टन्स हॅव रन आउट ऑफ’ किंवा ‘वी हॅव रन आउट कार्टन्स’. दोन्ही चूक. ‘कार्टन्स आर फिनिश्ड’ हे आपल्याकडे चालतं, पण परदेशी खरेदीदाराला त्यातून खोकी तयार झाली, काम पूर्ण झालं, असाही अर्थ लागू शकतो. तिथे ‘रन आउट’च वापरा.

संपण्याच्या आधीच्याही पायऱ्या आहेत. ‘रनिंग लो ऑन कार्टन्स’ म्हणजे साठा खाली गेलाय, अजून आहे. ‘रनिंग शॉर्ट ऑफ कार्टन्स’ म्हणजे गरजेपेक्षा कमी पडू लागलाय. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे शून्य. ‘लो’पुढे ‘ऑन’, ‘शॉर्ट’पुढे ‘ऑफ’. हे असंच का, याचा शोध घेत बसू नका, जोडी म्हणूनच घ्या. खरेदीदाराने ‘रनिंग लो’ लिहिलं असेल तर दोन-चार दिवसांची उसंत असते. ‘रन आउट’ लिहिलं असेल तर त्याच दिवशी फोन करावा लागतो. विहीर, बोअर, टाकी यांना ‘ड्राय’: ‘द वेल हॅज रन ड्राय’. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या उन्हाळ्याबद्दल इंग्रजी बातमी वाचा, हे वाक्य भेटण्याची शक्यता मोठी.

‘लेट’, ‘लो’, ‘शॉर्ट’, ‘ड्राय’ या चारही ठिकाणी ‘रन’नंतर विशेषण आलंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. अशा वेळी ‘रन’ जवळजवळ ‘होणे’सारखं काम करतो. ‘टेम्पर्स रॅन हाय’ म्हणजे पारा चढला, ‘प्रायसेस आर रनिंग हाय’ म्हणजे भाव चढे आहेत. ‘रन’पुढे विशेषण दिसलं की धावणं, चालवणं डोक्यातून काढून टाका आणि त्या विशेषणाचा अर्थ घ्या. निम्म्याहून जास्त वाक्यं एवढ्यावरच सुटतात.

आता ‘रन’पुढे बसणारे छोटे शब्द. पुस्तकांत यांची लांबलचक यादी असते. मी तुम्हाला यादी देणार नाही. एकच घेऊन दाखवतो, कारण पद्धत सगळ्यांना तीच. ‘रन इन्टू’ घ्या. ‘आय रॅन इन्टू माय टीचर ॲट विश्रामबाग’: विश्रामबागला सर अचानक भेटले. ‘द टेम्पो रॅन इन्टू अ वॉल’: टेम्पो भिंतीवर आदळला. ‘वी रॅन इन्टू अ प्रॉब्लेम विथ द पेपर्स’: कागदपत्रांत अडचण आली. ‘द लॉसेस रॅन इन्टू क्रोर्स’: नुकसान कोटींच्या घरात गेलं, २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या इंग्रजी बातम्यांत शोभणारं वाक्य. चार अर्थ झाले, पण पाठ करायचं काय आहे? ‘इन्टू’च्या पुढे माणूस असेल तर भेट, भिंत-झाड-गाडी असेल तर धडक, अडचण असेल तर अडचण, आकडा असेल तर ‘…च्या घरात’. पुढचा शब्दच अर्थ सांगतो. एक शंका उरते: कर्ता टेम्पो असेल आणि पुढे माणूस असेल तर? मग धडकच, भेट नव्हे. आणि टेम्पो अंगावरून गेला असेल तर ‘इन्टू’ जाऊन ‘ओव्हर’ येतो.

तुमच्या मेलमधल्या ‘रन मी थ्रू द पॅकिंग लिस्ट’चंही असंच. ‘थ्रू’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरभर समजावून सांगा, एवढंच त्याचं म्हणणं. फक्त यादी जोडून पाठवली तर त्याचं समाधान होणार नाही. कुठल्या पॅलेटवर किती खोकी, कुठला वाण, काउंट किती, असं ओळीने सांगावं लागेल, बहुधा फोनवर. ‘रन इट बाय मी’ असं आलं तर अर्थ वेगळा: करण्याआधी मला दाखवा, माझं मत घ्या. आणि ‘कॅन यू रन मी टु मिरज स्टेशन?’ म्हणजे गाडीने सोडता का. तिन्ही वाक्यांत ‘रन’ आणि ‘मी’ आहेत, पण काम ‘थ्रू’, ‘बाय’, ‘टु’ यांनी केलं.

एक व्याकरणाची अडचण इथे येते. काही जोड्या फुटतात, काही फुटत नाहीत. ‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी वाढवून ठेवणं. बिलाच्या जागी ‘इट’ घातलं की ‘रन इट अप’, ‘इट’ मध्ये जातो. पण ‘रॅन इन्टू हिम’ला ‘रॅन हिम इन्टू’ करता येत नाही. नव्या जोडीचं वाक्य वहीत घेताना एकदा ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून शब्दकोशात पडताळा. चांगल्या शब्दकोशात ‘रन समथिंग अप’ आणि ‘रन इन्टू समबडी’ अशी जागा दाखवलेलीच असते.

रूपांचं पटकन सांगतो. वर्तमान ‘रन’, भूतकाळ ‘रॅन’, तिसरं रूप पुन्हा ‘रन’. म्हणून ‘वी रॅन आउट येस्टर्डे’, पण ‘वी हॅव रन आउट’. ‘हॅव रॅन’ चूक. ‘डिड’ आला की मूळ रूप: ‘डिड द ट्रायल रन वेल?’ असं विचारायचं, ‘डिड… रॅन’ नाही. ‘रनिंग’ लिहिताना ‘एन’ दोनदा.

इथवर तीन घरं झाली: चालणं, वाहणं किंवा लांब जाणं, आणि संपणं, शिवाय विशेषणाची आणि छोट्या शब्दाची खूण. धावणं हे चौथं घर, ते तुम्हाला येतंच. ‘आजार घराण्यात असणं’ (‘डायबेटिस रन्स इन द फॅमिली’), ‘मुदत असणं’ (‘द काँट्रॅक्ट रन्स टिल मार्च’), ‘निवडणूक लढवणं’ असे उरलेले वापर पाहिलेत तर बहुतेक याच घरांच्या ओसरीवर बसलेले आढळतील. निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’, इंग्लंडमध्ये ‘स्टँड’, आपल्या वर्तमानपत्रांत ‘काँटेस्ट’. तुमच्या कामात याची गरज नाही, सोडून द्या.

आता वही. चाळीस अर्थांची पानं बाजूला ठेवा आणि पोस्टकार्डाएवढी पंधरा कार्डं कापा. एका कार्डावर अर्थ लिहायचा नाही, चौकट लिहायची, म्हणजे मोकळ्या जागा असलेलं वाक्य: ‘— हॅव रन आउट ऑफ —’, ‘— इज रनिंग — अवर्स लेट’, ‘— इज रन बाय —’, ‘रन — फ्रॉम — टु —’. चौकटीच्या खाली तुमची तीन वाक्यं: एक कामातलं, एक घरातलं, एक नकारार्थी किंवा प्रश्नार्थक. हे तिसरं टाळू नका. होकारार्थी वाक्यात लपून राहिलेली रूपाची चूक ‘डिड’ किंवा ‘हॅवन्ट’ घातल्यावर लगेच उघडी पडते. कार्डाच्या मागे त्या तीन वाक्यांचं मराठी, तुम्ही विट्यात जसं बोलता तसंच. ‘आमच्याकडील खोकी समाप्त झाली आहेत’ असं पुस्तकी मराठी लिहिलंत तर ऐन वेळी डोक्यात येणाऱ्या ‘खोकी संपली’शी त्या इंग्रजीची गाठच पडणार नाही.

रोज दोन चौकटी, वीस मिनिटं. उजळणी मराठी बाजू वर ठेवून: मराठी वाचा, इंग्रजी मोठ्याने म्हणा, मग कार्ड उलटा. इंग्रजी वाचून मराठी आठवणं सोपं असतं आणि त्यातून येतंय असा खोटा भास होतो. तुमच्या पहिल्या वहीत तेच झालं. उजळणी त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी आणि पंधरवड्यानंतर. ज्या कार्डावर अडलात ते पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात. पंधरा कार्डांचं काम या चालीने आठ दिवसांत हातावेगळं होतं, उजळणी पुढे पंधरा-वीस दिवस चालते. हंगामात लोडिंगची गडबड असेल तर नवी कार्डं थांबवा, उजळणी थांबवू नका.

वाक्य बरोबर आहे का हे कुणाला विचारायचं? शेजारी जाणकार नसेल तर ती जोडी दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. किती निकाल आले या आकड्याला अर्थ नाही. पहिली आठ-दहा वाक्यं वाचा, कर्ता कोण आहे आणि पुढे काय आलंय ते तुमच्या वाक्याशी ताडून पाहा. मोबाइलवरच्या भाषांतराला एकटा ‘रन’ कधी देऊ नका, तो धावायलाच लागतो. पूर्ण वाक्य दिलं तर बऱ्याचदा बरं उत्तर मिळतं. आणि इंग्रजी-मराठीऐवजी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरा. त्यात अर्थाशेजारी कर्म लागतं की नाही याची खूण असते, ‘टी’ म्हणजे कर्म हवं, ‘आय’ म्हणजे नको. ‘रन’सारख्या शब्दाला निम्मी वाट त्या एका अक्षराने सापडते.

नेहमीचा घोटाळा कुठे होतो तेही सांगून ठेवतो. चार दिवस बरे गेले की लोक ‘रन’बरोबर ‘गो’ आणि ‘टेक’ही सुरू करतात. मग ‘रन आउट’, ‘गो आउट’, ‘टेक आउट’ एकमेकांत मिसळतात आणि तिन्ही जातात. एका वेळी एकच शब्द. दुसरा घोटाळा म्हणजे नवं शिकलेलं प्रत्येक मेलमध्ये घुसवणं. ‘रन’ हा साधा, बोलण्यातला शब्द आहे. कराराच्या मसुद्यात किंवा बँकेच्या पत्रात ‘मॅनेज’, ‘ऑपरेट’ जास्त शोभतात. खरेदीदाराच्या मेलचा सूर पाहा. तो ‘रन’ वापरत असेल तर तुम्हीही बिनधास्त वापरा.

‘रन’नंतर ‘टर्न’ घ्या. त्याचं चित्र डोळ्यासमोर येतं, वळणं किंवा फिरवणं, आणि ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’ या छोट्या शब्दांची सवय पक्की होते. ‘गेट’ मात्र शेवटी ठेवा. त्याला स्वतःचं चित्रच नाही. तो घ्याल तेव्हा कार्डांचे चार गठ्ठे करा: पुढे वस्तू आली तर मिळणं (‘आय गॉट द इन्व्हॉइस’), विशेषण आलं तर होणं (‘द बॉक्स गॉट वेट’), ‘टु’ आणि ठिकाण आलं तर पोचणं (‘द ट्रक गॉट टु मिरज’), आणि वस्तूपुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर करून घेणं (‘वी गॉट द कंटेनर लोडेड’). चौथा गठ्ठा सगळ्यात आधी भरा. मराठीतलं ‘करून घेतलं’ इंग्रजीत सांगता न आल्यामुळेच ‘वी लोडेड’ असं लिहिलं जातं आणि हमालांचं काम आपल्या नावावर लागतं.